लोखंडाची पांजण

कोणाच्या घरी खुर्चीवर बसण्याआधी तो ती हलवून पाहायचा. खुर्ची करकरली की यजमानाला म्हणायचा, "पेचकस आणा."

दारावर टकटक करत नसे. कडी वाजवायचा, आणि कडी सैल असली तर दार उघडेपर्यंत तिच्याशीच खटपट करत राहायचा.

लोखंड घेताना नखाने वाजवून कान लावायचा. दुकानदार हसला की काही न घेता निघून यायचा.

बसमध्ये जागा असली तरी उभा राहायचा. कोराडीहून उतरल्यावर खांद्यावरच्या दुपट्ट्याने आधी कान पुसायचा, मग तोंड. "राख कानात जाते. तोंडाचं काय, थे तसंही काळंच हाय."

रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायचा. चुकीचं लिहिलेलं असलं तर चुकीचंच वाचायचा.

आपल्या शिक्षणाबद्दल खोटं बोलायचा. मला मॅट्रिक सांगितलं, बागेच्या समितीतल्या मधुकररावांना इंटर. खरं म्हणजे सातवी.

रविवारी मटण स्वतः शिजवायचा. दुसऱ्यांदा वाढून घेईपर्यंत चवीबद्दल कोणी बोलायचं नाही, असा घरात कायदा होता.

गिरिधर हेडाऊबद्दल आज मला एवढंच नीट आठवतं. बाकीच्या आठवणींवर राग चढून बसला आहे. तो जाऊन दीड महिना झाला.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या. बागेतल्या शिल्पाची मोडतोड करताना एका इसमास ऊन लागले व तो दगावला. इसम. ते शिल्प त्या इसमानेच घडवलं होतं, हे छापणाऱ्याला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही. आणि तो मोडतोड करत नव्हता. बांधून घातलेलं मोकळं करत होता. म्हणून हे लिहितो आहे.

आमची ओळख कोराडीच्या बसमध्ये झाली. ब्याऐंशी साल होतं. एम.ए. होऊन मी घरी बसलो होतो. वीज केंद्राच्या कॉलनीतल्या मुलांच्या शिकवण्या मिळाल्या, म्हणून रोज तिकडे जायचो. तो केंद्राच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. माझ्या सीटचा नट ढिला होता. त्याने मला उठवलं, खिशातून पाना काढला, नट आवळला.

"बसा आता. काय करता?"

"साहित्य शिकवतो."

"कशाचं साहित्य? बांधकामाचं?"

तेव्हापासून मी साहित्यिक. रोज बसमध्ये चढला की चार माणसांत विचारायचा, "काय गा साहित्यिक, आज काय बांधलं?" वयाने माझ्याहून सतरा-अठरा वर्षांनी मोठा. मी त्याला गिरिधरभाऊ म्हणायचो.

तो मूळचा खाप्याचा. घर कोष्ट्याचं. बाप मागावर बसायचा, आई रुखमाबाई धाग्यांना लावायची खळ शिजवायची. माग बंद पडत गेले तसा तो लोखंडात आला. नागपुरात तांडापेठेत राहायचा. घरात बायको पंचफुला आणि रुखमाबाई.

ज्यांनी कोष्ट्याची गल्ली पाहिली नाही, त्यांना पांजण सांगावी लागेल. साडी विणण्याआधी तिचे उभे धागे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणतात. त्याला ताणा म्हणतात. सकाळच्या गारव्यात ताण्यावर खळ चढवतात आणि लांब कुंच्याने ती सारखी करतात. हीच पांजण. ऊन तापायच्या आत आटपावं लागतं. मध्येच ताणा लोंबला की ओले धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळी मेहनत मातीत जाते. म्हणून दोन्ही टोकांना माणसं लागतात. या माणसांना कोणी बोलावत नाही. गल्लीतून जाणारा दूधवाला असो, शाळेत निघालेला मास्तर असो, कालच ज्याच्याशी भांडण झालं तो शेजारी असो, टोक रिकामं दिसलं की तो धरतो. काम झालं की सोडतो आणि आपल्या वाटेने जातो. आभार नाहीत. चहासुद्धा नाही.

रुखमाबाईंनी मला एकदा सांगितलं, "माह्या जावेसंगं माहं कितीक वर्षं बोलणं नव्हतं. पण पांजणीले तिनं टोक सोडलं नाही, ना म्या. एका टोकाले थे, एका टोकाले मी. मंधात ताणा. अन् डोळे वटारून एकमेकीकडे पाहो."

"मग बोलणं झालं का परत?"

"काहून होईन? चूक तिची होती."

शहराच्या दक्षिणेला एक नवा लेआउट पडला. बंगले झाले. तिथल्या लोकांनी समिती करून बाग केली. समितीचे सचिव मधुकरराव. इतवारीत त्यांचं साड्यांचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, असं मला आजकाल बरेच जण समजावतात.

नागपुरी हातमागाची आठवण म्हणून त्या बागेत सिमेंटचं कोष्टी जोडपं बसवायचं ठरलं होतं. गिरिधर एका रविवारी तिथे झोपाळ्यांच्या कड्या बदलायला गेला होता. त्याने ते चित्र पाहिलं. चित्रातला कोष्टी भरजरी फेटा बांधून मागावर बसला होता.

"फेटा बांधून कोण विणते जी? लग्न हाय का त्याचं?"

मधुकरराव हसले. म्हणाले, "मग तुम्ही काय बसवाल?"

"सिमेंटचा माणूस काहून पायजे? तुमच्या बागेत खरी माणसं येतेत ना? मी पांजण उभी करतो. लोखंडाची. माणसं येतीन, टोकं धरतीन. मंग थेच कोष्टी."

"म्हणजे हात लावायचं शिल्प?"

"हात लावला नाही तं थे शिल्पच नाही."

मधुकररावांना ते आवडलं. हे मी मुद्दाम लिहितो. त्यांना ते आवडलं होतं. समितीच्या बैठकीत त्यांनी ते वाक्य आपलं म्हणून सांगितलं, हेही मला माहीत आहे.

वर्षभर तो त्याच्यात होता. सुट्ट्या गेल्या, पोळा गेला, दिवाळी गेली. दोन टोकांना दोन उंच चौकटी. प्रत्येक चौकटीत पुढेमागे सरकणारी एक आडवी दांडी. दोन दांड्यांच्या मध्ये लोखंडी सळ्यांचे तुकडे कड्यांनी एकमेकांत ओवलेले, साखळीसारखे. असे कितीतरी पदर शेजारी शेजारी. हा ताणा. त्यात पितळेचे पोकळ धोटे ओवलेले. विणताना आडवा धागा घेऊन धावतो त्या धोट्याच्या आकाराचे.

एकट्याने एक दांडी ओढली, तर समोरची दांडी आत घसरायची. ताणा मध्येच लोंबायचा आणि धोटे खड्ड्यात पडल्यासारखे गोळा व्हायचे. दोन्हीकडून ओढलं की ताणा वर उठायचा, छातीपर्यंत यायचा, ताठ व्हायचा. मग एकाने आपलं टोक जरा उचललं की धोटे किणकिणत समोरच्याकडे धावायचे. समोरच्याने उचललं की परत. बस, एवढंच. पण ते पाहून माणसाला हसू यायचं. मोठ्या माणसालाही.

पहिल्यांदा त्याने ते आपल्या गल्लीतच मांडून पाहिलं. थंडीची सकाळ होती. एका टोकाला तो. मी दुसऱ्या टोकाकडे निघालो, तोवर नळावरून येणाऱ्या एका बाईने घागर खाली ठेवली आणि दांडी धरली. काय आहे, कशाचं आहे, काही विचारलं नाही. मागून एक म्हातारा आला. त्याने तिच्या बाजूला हात लावला. ताणा उठला. धोटे धावले.

"अवं माय! हे तं वाजते!" बाई म्हणाली.

"पांजण वाजतच असते वं," म्हातारा म्हणाला. "तुले तुह्या बोलण्यात आयकू येत नसन."

गिरिधर तिकडून ओरडला, "पाह्यलं का गा साहित्यिक? सांगा लागलं का कोणाले?"

त्याची चूक इथे झाली.

तांडापेठेत सांगावं लागलं नाही, म्हणून जगात कुठेच सांगावं लागणार नाही, असं त्याने धरलं. मी म्हटलं, बागेत एक पाटी लावू. दोघांनी मिळून ओढा, एवढीच. तो भडकला.

"पांजणीले आवतन देत नसतात. टोक रिकामं दिसलं का माणूस धरतेच."

"आणि नाही धरलं तर?"

"मंग थो माणूस काय कामाचा?"

मी त्याच्यावरही चिडलेलो आहे. या उत्तरासाठी.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत उद्घाटन झालं. मंडप, हार, बँड. गिरिधर कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पंचफुलावहिनी आणि रुखमाबाई मागच्या खुर्च्यांवर. मधुकररावांनी मुख्य पाहुण्यांना दांडीपाशी नेलं. पाहुण्यांनी दांडी ओढली. ताणा घसरला, लोंबला. धोटे धप्पकन मध्ये गोळा झाले. पाहुण्यांनी पुन्हा ओढली, जोर लावून. तेच. समोरचं टोक रिकामं होतं. मंडप माणसांनी भरलेला होता. सगळ्यांचे हात टाळीसाठी तयार होते. एकाचाही हात त्या टोकाला गेला नाही.

मी दोरीपलीकडे उभा होतो. दोरीखालून निघालो, तर स्वयंसेवकाने छातीवर हात ठेवून मला अडवलं.

"पाहुण्यांच्या समोर नाही जायचं."

"अहो, ते टोक धरायचं असतं."

"कार्यक्रम झाल्यावर धरा."

मी गिरिधरला म्हटलं, "भाऊ, तुम्ही तरी धरा!"

"ज्याची पांजण असते थो रिकामं टोक धराले धावत नसते," तो म्हणाला.

पाहुणे हात झटकत हसले. "यंत्र बिघडलेलं दिसते बुवा तुमचं."

लोक हसले. मग टाळ्या वाजल्या.

"यंत्र नाही बिघडलं साहेब," गिरिधर मोठ्याने म्हणाला. "माणसं बिघडली."

पाहुण्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. मधुकररावांनी ऐकलं.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही, असं वहिनी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बसमध्ये एकही पाटी वाचली नाही. मला वाटलं, आता पाटी लावू देईल. तो म्हणाला, "थांबा. अजून माणसं आली कुठं? काल तं पाहुणे आले होते."

आणि माणसं आली. लेआउटमध्ये बंगल्यांची कामं चालू होती. नाल्याकाठी मजुरांच्या झोपड्या होत्या. छत्तीसगडकडची माणसं, काही भंडाऱ्याकडची. संध्याकाळी काम सुटलं की ती बागेतून जायची. एकाने दांडी ओढली. दुसऱ्याने रिकामं टोक पाहिलं. झालं. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. मग रोज रांग लागू लागली. एका टोकाला सिमेंटने पांढरे झालेले हात, दुसऱ्या टोकाला शाळेच्या गणवेशातली बंगल्यातली पोरगी. धोटे इकडून तिकडे. एकदा एक म्हातारी आणि ड्यूटीवरचा शिपाई यांचा कोण जास्त वेळ ताठ धरतो यावर वाद झाला. म्हातारी जिंकली. शिपायाला तिने विचारलं, "काहून गा, पगार भेटत नाही का?"

गिरिधर कोराडीहून परस्पर तिकडे यायचा. लांब उभा राहायचा. बागेत स्वतः कधी हात लावला नाही. बागेचा चौकीदार दादाजी त्याला म्हणाला, "घ्या ना जी, तुमचंच हाय." तो म्हणाला, "म्हणूनच."

मार्चमध्ये लेआउटमधल्या एका मुलाचं बोट कडीत चेमटलं. नख गेलं. मुलगा रडला, आईबाप घाबरले. हे खरं आहे, आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नाही. गिरिधरने त्याच दिवशी दादाजीकडे निरोप ठेवला की कड्यांवर पत्र्याची टोपणं बसवून देतो, दोन रविवार द्या. निरोप पोहोचला. समितीची बैठक त्याआधीच ठरली होती. बैठकीत बोटाबद्दल थोडं बोलणं झालं. मग आवाजाबद्दल. मग बाहेरच्या लोकांबद्दल. बाग आपल्या माणसांसाठी आहे, असं एक जण म्हणाला. ज्यांनी याच लोकांच्या घरांचे स्लॅब टाकले ती माणसं बाहेरची. मला हे बैठकीला हजर असलेल्यानेच सांगितलं. हसत सांगितलं.

पुढच्या रविवारी गिरिधर आणि मी टोपणं घेऊन गेलो. पांजण बंद झाली होती.

समितीने एका कंत्राटदाराला बोलावलं होतं. त्याने ताणा पुलीने खेचून ताठ केला आणि दोन्ही दांड्या चौकटींना वेल्डिंग मारून टाकल्या. धोटे सारख्या अंतरावर मांडून जागच्या जागी वेल्डिंगने चिकटवले. शोभा यावी म्हणून. मग सगळ्याला चंदेरी रंग दिला. पितळेलाही. भोवती कठडा घातला आणि कठड्यावर पाटी लावली. शिल्पास हात लावू नये.

त्या पाटीवर गिरिधरचं नावही होतं. शिल्पकार म्हणून.

त्याने ती पाटी मोठ्याने वाचली. दोनदा. मग टोपणांची पिशवी कठड्याला टांगली आणि बसस्टॉपच्या उलट्या दिशेने चालू लागला. मला त्याला परत आणावं लागलं.

त्याच आठवड्यात आम्ही मधुकररावांच्या दुकानात गेलो. पांढऱ्या गादीवर ते बसले होते. लग्नसराई होती, पण त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं.

"हेडाऊजी, मुलाचं बोट चेमटलं. उद्या कोणाचा हात गेला तर?"

"झोपाळ्यावरून पडून डोकं फुटते. झोपाळ्याले वेल्डिंग मारलं का?"

"झोपाळा कसा वापरायचा, ते सगळ्यांना माहीत असतं."

"पांजणही माहीत होती. तुमच्या मंडपातल्याले सोडून सगळ्याले."

मधुकररावांचा चेहरा आखडला. "तुम्ही त्या दिवशी पाहुण्यांसमोर जे बोलले..."

"म्हणजे त्याच्यासाठी बांधलं का? सांगा ना तसं. बोटाचं नाव काहून सांगता?"

"तसं नाही. लोखंड आहे, ते हलवलं की झिजतं. आता शंभर वर्षं टिकेल."

"टिकून करते काय?" तो ओरडला. गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. "मढंही टिकते जी, मसाला भरला का!"

मी त्याचा हात दाबला. मग त्याने गादीवरची एक घडी उचलली. हिरवी नागपुरी साडी, लाल काठाची. तिचा पदर धरला आणि झटकून सगळी साडी मधुकररावांच्या दिशेने उलगडली. मधुकररावांनी पटकन दुसरं टोक धरलं. दोन्ही हातांनी, काठाला काठ जुळवून. साडी दोघांच्या मध्ये सरळ उभी राहिली.

गिरिधर हलला नाही. "कोणी सांगतलं तुमाले धराले?"

मधुकरराव आपल्या हातांकडे पाहत राहिले. नोकर थांबले. एका गिऱ्हाईक बाईला काय चाललंय ते कळलं नाही, पण ती हसली. मला वाटलं, झालं. जिंकलो आपण.

"तुमच्या बापजाद्यांनी आमच्या बापजाद्यांच्या साड्या अशाच धरल्या," गिरिधर हळू म्हणाला. "हात इसरले नाही तुमचे. तुमी इसरले."

मधुकररावांनी साडीची घडी घातली. गिरिधरने आपल्या बाजूने साथ दिली. घडी नीट बसली. मग ते म्हणाले, "काढून टाकू वेल्डिंग. एप्रिल संपायच्या आत. माझा शब्द. मी समितीपुढे ठेवतो."

गिरिधरने त्या रविवारी मटण केलं. मला बोलावलं. दोनदा वाढून घेतल्यावर मी चवीबद्दल बोललो, तर म्हणाला, "आज पह्यल्यांदा वाढल्यावर बोलला असता तरी चाललं असतं."

एप्रिल संपला. शिल्पाला रंगाचा दुसरा हात दिला गेला. मधुकररावांना मी तीनदा भेटलो. पहिल्यांदा ते म्हणाले, समितीची बैठक झाली नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, बैठकीत विषय राहून गेला. तिसऱ्यांदा म्हणाले, "मला एकट्याला सगळ्यांशी वाईटपणा घेता येत नाही हो." दुकानाबाहेर येऊन मी गिरिधरला ते जसंच्या तसं सांगितलं. त्याने विचारलं, "एकट्याले, असं म्हणाला?"

"हो."

"मंग त्याच्यासंगं कोणीतरी जा लागते."

तो पुन्हा दुकानात गेला. मधुकररावांना म्हणाला, "तुमच्यानं होत नाही तं राहू द्या. तुमच्या टोकाचंही मीच करतो. येत्या आठवड्यात मी वेल्डिंग कापून राह्यलो. सांगून कापतो, चोरून नाही." मधुकरराव काहीच बोलले नाहीत. हो नाही, की नको नाही. नको म्हटलं असतं तर तो थांबला असता, असं मी म्हणत नाही. पण त्यांनी म्हटलं नाही.

मे महिन्यात नागपूरची दुपार कशी असते, हे नागपूरकरांना सांगायला नको. रस्त्यावर कुत्रंही नसतं. डांबर चपलेला चिकटतं. त्याने रजा काढली आणि दुपारच गाठली, कारण सकाळ-संध्याकाळ बागेत माणसं असतात, लोखंडाचे कण उडून कोणाच्या डोळ्यात जातील. असा तो. कोणत्या दिवशी जाणार, ते मला त्याने सांगितलं नाही. मी पेपर तपासायला वर्ध्याला गेलो होतो. पुढचं मला दादाजीने सांगितलं.

कठड्याच्या एका बाजूचे नट काढून तो आत गेला. वेल्डिंग कापायला हाताची हॅक्सॉ घेतली होती. लोखंड इतकं तापलेलं की दुपट्टा ओला करून दांडीला गुंडाळावा लागत होता, आणि तो लगेच वाळत होता. दादाजी हटकायला गेला. त्याचं कामच ते. म्हणाला, "जी, माही नोकरी जाईन." गिरिधर म्हणाला, "तू हटकलं मले. झालं तुहं काम." आणि कापू लागला. दांडी थरथरत होती, पातं अडकत होतं. मग दादाजीने जाऊन दांडीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं.

मी विचारलं, "का धरलंत?"

दादाजीला प्रश्न कळला नाही. "हालत होतं ना थे," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी एका बाजूची दांडी पूर्ण मोकळी झाली. धोटे शेवटी सोडवू, म्हणाला. गिरिधरने ती चौकटीत दोनदा मागेपुढे सरकवून पाहिली. रंगाचे पापुद्रे उडाले. तो खूश होता, दादाजी म्हणाला. गाणं म्हणत होता, आणि वाईट म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने समोरची बाजू घेतली. दादाजीने पन्हं आणून दिलं, सावलीत बसायला सांगितलं. तो म्हणाला, आता थोडंच राह्यलं. तीन वाजायच्या सुमाराला त्याचं बोलणं बरळल्यासारखं झालं. अंगाला घाम नव्हता. मग तो खाली बसला. दादाजी पाणी आणायला धावला. बंगल्यांची दारं बंद होती, कूलर चालू होते. एका दाराची घंटा त्याने बराच वेळ वाजवली. दार उघडलं तेव्हा आतून विचारलं गेलं, "बागेत काय चाललंय ते?" शेवटी नाल्याकाठच्या झोपडीतली दोन माणसं आली. त्यांनी त्याला उचललं, रिक्षात घातलं. ती बाहेरची माणसं.

सरकारी दवाखान्यात तो रात्र काढू शकला. सकाळी गेला. मी वर्ध्याहून पोहोचलो तेव्हा रुखमाबाई घराच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "कोणाच्या पांजणीत एवढं ऊन चढू देतेत का?"

दादाजीला समितीने कामावरून काढलं. पोलिसांनी त्याचा जबाब घेतला. झोपडीतल्या दोघांना चौकीवर दोन दिवस बोलावत राहिले. ज्यांनी वेल्डिंग मारायला सांगितलं त्यांना कोणी काही विचारलं नाही.

दहाव्याला मधुकरराव घरी आले. पांढरे कपडे, हातात फळांची पिशवी. डोळे खरंच ओले होते. मी त्यांना खोटं ठरवत नाही. रडायला काही लागत नाही.

"समितीने ठराव केला आहे," ते पंचफुलावहिनींना म्हणाले. "त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवू. मोठी."

वहिनी म्हणाल्या, "पाटी नको जी. तुमी एक दिवस जा, अन् टोक धरा. दुसरं मी धरतो. एवढं करा."

मधुकरराव गडबडले. "पण वहिनी, एका बाजूचं वेल्डिंग अजून तसंच आहे..."

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "थेच म्हणून राह्यले मी."

मधुकररावांनी फळांची पिशवी खाली ठेवली आणि ते उठले. "पाहू," म्हणाले.

मी त्याची हॅक्सॉ मागायला पोलीस चौकीवर गेलो होतो. ती पुराव्यात जमा आहे, असं सांगण्यात आलं. दुसरी घेऊन बागेत गेलो, तर नवा चौकीदार आणि एक शिपाई कठड्यापाशी उभे होते. आत जाऊ दिलं नाही. बाहेरून पाहता येतं.

रस्त्याकडची दांडी मोकळी आहे. वारा आला की चौकटीत किंचित हलते. नाल्याकडच्या दांडीला दोन ठिकाणी वेल्डिंग आहे. डावीकडचं त्याने पूर्ण कापलं. उजवीकडच्यात करवतीची रेघ निम्म्यापर्यंत गेली आहे. पुढे लोखंड तसंच आहे.